‘मालक जबाबदार नाही’ या पाटीचं वजन किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका ताईंचा सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ मित्रांबरोबर एका परमिट रूममध्ये गेला होता. शेजारच्या टेबलावरच्या चौघांशी खुर्ची ओढण्यावरून बाचाबाची झाली. भावाने आधी वेटरला आणि मग कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, सांगितलं, ‘त्यांना आवरा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बसवा.’ कुणी काही केलं नाही. पाऊण तासाने आवाज वाढला, तेव्हा बाउन्सरनी दोन्ही टेबलं एकदमच उठवली आणि एकाच जिन्याने खाली पाठवली. खालच्या पार्किंगमध्ये भावाच्या गालावर बिअरची फुटकी बाटली बसली. चौदा टाके पडले. मॅनेजर म्हणतो, ‘आमच्या दारात काही झालंच नाही’, आणि गल्ल्यामागची पाटी दाखवतो: ‘ग्राहकांच्या आपसातील भांडणास मालक जबाबदार नाही.’ पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली. आज अकरावा दिवस आहे. ताई विचारतात, मारणारे तर पळाले, पण बारवर काही करता येतं का?

ताई, करता येतं. पण कायद्याचं बोलण्याआधी एक काम सांगतो, कारण त्याला मुदत आहे. बहुतेक बारमध्ये सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, हार्ड डिस्क पंधरा दिवस ते महिनाभरात भरते आणि जुन्या चित्रणावर नवं चढतं. त्यासाठी कुणाला काही पुसावं लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. म्हणून आजच बारला एक पानाचं पत्र लिहा. त्यात तारीख टाका, ‘रात्री नऊ ते साडेबारा’ अशी वेळ टाका आणि कॅमेरे नावानिशी लिहा: हॉल, काउंटर, प्रवेशद्वार, जिना, पार्किंग. सोबत त्या वेळातल्या दोन्ही टेबलांच्या केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या), बिलं आणि ड्यूटीवरच्या बाउन्सरांचं हजेरीपत्रक. हे सगळं जपून ठेवा, नष्ट झालं तर जबाबदारी तुमची, एवढंच म्हणायचं. कॉपी मागू नका. कॉपी मागितली की मॅनेजर ‘पोलिसांशिवाय देता येत नाही’ म्हणतो आणि तिथे त्याचं फारसं चुकत नाही. ‘जपून ठेवा’ला मात्र नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नसतं. पत्राची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, एक राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या (एक्साइजच्या) अधीक्षकांकडे द्या आणि दोन्हीकडे पोच घ्या.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण वकिलीची पहिली आठ-नऊ वर्षं मी हॉटेलवाल्यांच्या बाजूने उभा राहिलो आहे. त्या बाजूला बसलं की कळतं, अशा प्रकरणात वकिलाला सगळ्यात गोड वाटणारं वाक्य म्हणजे ‘साहेब, फुटेज ओव्हरराइट झालं.’ एकदा जपून ठेवण्याचं पत्र पोचलं की त्या वाक्यातला गोडवा जातो. पुरावा ताब्यात असूनही बारने तो हजर केला नाही, तर तो बारच्याविरुद्ध गेला असता असं कोर्ट धरू शकतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या ११४ कलमात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११९ कलमात आहे.

आता मुख्य प्रश्न. ‘बारमध्ये ग्राहकाला मार बसला तर बारने भरून द्यावं’ असं एका वाक्यात सांगणारं कलम आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ‘ड्रॅम शॉप’ कायदे आहेत. झिंगलेल्याला किंवा अल्पवयीनाला दारू पाजली आणि त्याने बाहेर जाऊन कुणाला इजा केली, तर पाजणाराही ठरावीक परिस्थितीत भरपाईला बांधील होतो. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे आहे ते निष्काळजीपणाचं जुनं तत्त्व. जागा ज्याच्या ताब्यात आहे आणि जो पैसे घेऊन लोकांना आत बोलावतो, त्याने समोर दिसणाऱ्या धोक्यापासून त्यांची वाजवी काळजी घ्यायची.

‘समोर दिसणाऱ्या’ हा शब्द धरून ठेवा. दारातून आत येताच कुणी अनोळखी माणसाने चाकू काढला, तर बारवाल्याला काय दोष देणार? अंधेरीत आंबोलीला २०११ च्या ऑक्टोबरमध्ये एका रेस्टॉरंटबाहेर, पानटपरीजवळ दोन तरुणांचा खून झाला. मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला त्यांनी हटकलं होतं. तो गेला आणि टोळकं घेऊन, हत्यारं घेऊन परत आला. चौघांना २०१६ मध्ये जन्मठेप झाली. तिथे दोष मारणाऱ्यांचा होता. ते रस्त्यावरून येऊन रस्त्यावर काय करतील, हे आतल्या वेटरला दिसणं अवघड होतं. तुमच्या भावाचं तसं नाही. तुमच्या भावाने धोका बोट दाखवून सांगितला होता. सांगितल्यापासून बाटली बसेपर्यंत जवळजवळ एक तास गेला. तुमचा दावा त्या एका तासाचा आहे. मारामारीचा दावा मारणाऱ्यांवर, त्या तासाचा दावा बारवर. दोन्ही वेगळे ठेवलेत तर मॅनेजरचं ‘आम्ही थोडीच मारलं’ हे उत्तर तुमच्या दाव्याला लागूच होत नाही.

जागेच्या मालकाच्या जबाबदारीवर आपल्याकडचा मोठा निकाल उपहार सिनेमाचा आहे. १३ जून १९९७ ला दिल्लीत त्या चित्रपटगृहात आग लागली, ५९ माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाईचा निकाल दिला, तेव्हा चित्रपटगृहाच्या मालकांवर ८५ टक्के आणि वीज मंडळावर १५ टक्के भार टाकला. परवाना देणारे पोलीस आणि महापालिका यांना मात्र भरपाईतून सोडलं. तुमच्या कामाचं त्यात दोन अर्थांनी आहे. एक, तिकीट घेऊन लोकांना आत बसवणारा त्यांच्या सुरक्षिततेला बांधील असतो, परवाना भिंतीवर टांगला म्हणून सुटत नाही. दोन, ‘पोलिसांनी आणि एक्साइजने अशा बारला लायसन्स दिलंच कसं, त्यांच्यावरही दावा टाका’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो घेऊ नका. वर्षं जातील आणि खरा प्रतिवादी मागच्या बाकावर जाऊन बसेल.

दुसरं प्रकरण जुनं आहे आणि थोडं खिन्न करणारं आहे. १९७२ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने सूर मारला, डोकं तळाला आपटलं आणि तो कायमचा अपंग झाला. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी पन्नास लाख मंजूर केले. जितका दर जास्त तितकी काळजी जास्त, असा त्या निकालाचा सूर होता. तोवर तो माणूस वारला होता. २००२ मध्ये खंडपीठाने सांगितलं की, दावा त्याच्याबरोबरच संपला. तीस वर्षं! तत्त्वासाठी हे प्रकरण आम्ही आजही पुढे करतो. अशिलाला मात्र मी ते दुसऱ्याच कारणासाठी सांगतो. दिवाणी कोर्टाला किती वेळ लागू शकतो, ते कळावं म्हणून.

तुमच्या हकिकतीशी जवळजवळ जुळणारा निकाल भारतातला नाही, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे, २००५ चा, डेल्गाडो विरुद्ध ट्रॅक्स बार अँड ग्रिल. नवरा-बायको बारमध्ये बसले होते आणि समोरचा एक घोळका त्यांच्याकडे रोखून पाहत होता. बायकोने जाऊन रखवालदाराला सांगितलं, आता काहीतरी होणार. रखवालदारालाही तसंच वाटलं. त्याने काय केलं, तर या जोडप्यालाच निघायला सांगितलं. ते पार्किंगमध्ये पोचले आणि मागून तो घोळका आला. बाहेर एक रखवालदार उभा असायला हवा होता, तो जागेवर नव्हता. नवऱ्याच्या कवटीला फ्रॅक्चर झालं. बारचं म्हणणं होतं, आमच्याकडे असं कधी घडलंच नव्हतं, आम्हाला कसं कळणार? कोर्टाने ते मानलं नाही. धोका तुमच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आला, त्याने तो ओळखला, त्या क्षणी तुमचं कर्तव्य सुरू झालं. आणि ते कर्तव्यही काही फार मोठं नव्हतं. दोन्ही गटांत अंतर ठेवायचं आणि बाहेरचा माणूस जागेवर आहे ना, एवढं बघायचं.

आपली कोर्टं या निकालाला बांधील नाहीत. पण नुकसानभरपाईच्या प्रकरणांत परदेशी निकाल वाचून दाखवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि हा निकाल वाचताना न्यायाधीश मान वर करून बघतात. कारण त्यात केलेली अपेक्षा इतकी साधी आहे की ‘हे आम्हाला परवडत नाही’ असं कुठलाच बारवाला म्हणू शकत नाही. एका टेबलाला दहा मिनिटं आधी सोडायचं, दुसऱ्याला बिलासाठी थांबवायचं, रिक्षा मिळेपर्यंत एक माणूस खाली उभा करायचा. घोडबंदर रोडवर वीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हे मी शिकवायची गरज नाही. जुने शेट्टी मालक हे न सांगता करायचे. चिडलेल्या टेबलाकडे स्वतः जायचे, ‘आज माझ्याकडून पापड’ म्हणायचे आणि तेवढ्यात दुसऱ्या टेबलाचं बिल करून टाकायचे. पुढे बाउन्सर आले आणि ही कला गेली. असो.

दोन्ही गटांना एकाच जिन्याने एकाच वेळी खाली पाठवणं हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. ‘आमच्या दारात झालं नाही’ हे उत्तर त्यामुळेच उलटतं. भांडण आत होतं आणि बारच्याच माणसांनी ते उचलून खाली नेलं. पार्किंग बारच्या ताब्यात आहे की इमारतीच्या सोसायटीच्या, ते बघावं लागेल. बारचा वॉचमन तिथे गाड्या लावून घेत असेल, तर त्याचा एखादा साधा फोटोही उपयोगी पडेल.

आता पुरावा. माझ्या मते अशा प्रकरणाचा निकाल फुटेजपेक्षा केओटीवर जास्त फिरतो, आणि लोक नेमकी तीच मागायला विसरतात. किचन ऑर्डरच्या प्रत्येक चिठ्ठीवर वेळ छापलेली असते. भावाने कॅप्टनला तक्रार केली तेव्हा समजा नऊ पन्नास झाले होते. त्यानंतर त्या चौघांच्या टेबलावर आणखी दोन वेळा दारू गेल्याच्या चिठ्ठ्या निघाल्या, तर प्रश्न सोपा होतो: ज्यांच्याबद्दल तक्रार आली होती, त्यांनाच तुम्ही आणखी पाजलीत का? उलटतपासणीत या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं. एका प्रकरणात कॅप्टन म्हणाला, ‘त्यांनी मागवली होती.’ माझं काम तिथेच संपलं.

घड्याळाचं एक सांगतो. डीव्हीआरची वेळ कधीच बरोबर नसते. पाच-सात मिनिटं पुढेमागे असते, कधी तारीखच चुकलेली असते. वेळांतला तेवढा फरक समोरच्याला दावा बुडवायला पुरतो. म्हणून फुटेजमधली एक घटना अशी शोधायची जिची खरी वेळ दुसरीकडे नोंदलेली आहे. भावाच्या मित्राने काउंटरवर यूपीआयने पैसे दिले, तो क्षण कॅमेऱ्यात दिसतो आणि बँकेच्या नोंदीत सेकंदासह असतो. तिथून सगळ्या वेळा जुळवता येतात. मित्रांनी मोबाइलवर काही टिपलं असेल तर ते व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, मूळ फोनमध्येच राहू द्या. कोर्टात ते द्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या ६३ कलमाखालचं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फाइल हातात असली की ते सरळ होतं.

दवाखान्यात भावाने काय सांगितलं, ते आधी विचारा. हे मी प्रत्येकाला विचारतो. निम्म्या वेळा उत्तर ऐकून पोटात गोळा येतो. घरी कळू नये म्हणून, पोलिसांचं लचांड नको म्हणून पोरं डॉक्टरला सांगतात, ‘जिन्यात घसरलो.’ केसपेपरवर ते उतरतं आणि पुढे दोन वर्षं पाठ सोडत नाही. तसं झालं असेल तर आजच्या जबाबात ते स्वतःहून कबूल करा आणि का सांगितलं तेही सांगा. लपवलेलं समोरच्याने काढण्यापेक्षा ते बरं.

आता एनसीकडे येऊ. ती चुकीची आहे, असं मला तुम्ही लिहिलेल्यावरून वाटतं. साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ११५(२), ती अदखलपात्र, तिथे एनसी होते. पण फुटकी बाटली हे घातक हत्यार. नुसतं बाटलीने मारलं तरी ११८(१), दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून तपास करायचा असा गुन्हा. आणि चेहरा कायमचा विद्रूप झाला असेल, तर ११६ कलमाच्या व्याख्येत ती गंभीर दुखापत आहे. हाड मोडलं, दात पडला, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या वा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तरी गंभीर. पूर्वीच्या कायद्यात हे दिवस वीस होते. घातक हत्याराने गंभीर दुखापत म्हणजे ११८(२), त्यात किमान एक वर्षाची शिक्षा आहे आणि जन्मठेपेपर्यंत जाते. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन पुन्हा ठाण्यात जा आणि एफआयआर मागा. नोंदवली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा. तरीही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. एफआयआर झाली की पोलिसांनी डीव्हीआर जप्त करावा, असं तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. मारणारे सापडले नाहीत तरी त्याच संहितेच्या ३९६ कलमाखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. रक्कम बेताची असते, पण बारवरच्या दाव्याला त्याने बाध येत नाही.

बारवरच्या भरपाईसाठी दोन दारं आहेत. दिवाणी कोर्ट आणि ग्राहक आयोग. मी तुम्हाला ग्राहक आयोगाकडे पाठवीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणजे काय याची व्याख्या मोठी आहे, निष्काळजीपणाने ग्राहकाचं झालेलं नुकसान तिच्यात बसतं. बिल मित्राने दिलं म्हणून भाऊ ग्राहक नाही, असं बारचा वकील म्हणेल. पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही कायद्याने ग्राहक आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आणि शुल्क व अधिकारक्षेत्र ठरतं ते दिलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नाही. म्हणजे बिल चार हजारांचं आणि मागणी पंधरा लाखांची असली तरी जिल्हा आयोग, आणि शुल्क शून्य. मुदत दोन वर्षं. दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात, पण कोर्ट फी मागणीच्या रकमेवर चढत जाते. ग्राहक आयोगाचा धोका एकच. खूप साक्षीदार, उलटतपासण्या, कोण खरं कोण खोटं असा गुंता झाला की ‘दिवाणी कोर्टात जा’ असं सांगून ते तक्रार परत करतात. म्हणून तक्रार सडपातळ ठेवायची. कुणी कुणाची आई-बहीण काढली, ते त्यात नको. तक्रार किती वाजता केली, कुणाकडे केली, त्यानंतर बारने काय काय केलं नाही, आणि जिना एकच होता. बस्स.

आणि ती पाटी. हॉटेलवाल्यांचा तिच्यावर देवाइतका विश्वास असतो. मी स्वतः एकेकाळी तिचा मजकूर लिहून दिला आहे, पाचशे रुपये घेऊन. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात तिची किंमत ठरवली. १९९८ मध्ये एका पाहुण्याने आपल्या मारुती झेनची किल्ली व्हॅलेकडे, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या नोकराकडे, दिली. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘गाडीमालकाच्या जोखमीवर’ अशा अर्थाचं छापलेलं होतं. गाडी चोरीला गेली. कोर्ट म्हणालं, आधी हॉटेलने स्वतःची काळजी सिद्ध करावी. स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा छापील ओळीने सुटता येणार नाही. ते प्रकरण गाडीचं होतं आणि गाडी ताब्यात घेतल्यावरच्या कर्तव्याचं होतं, माणसाचं नव्हतं, हे मी कबूल करतो. समोरचा वकीलही हा फरक दाखवील. पण मारुती झेनच्या बाबतीत जी पाटी चालली नाही, ती माणसाच्या गालाच्या बाबतीत चालावी, हे म्हणायला त्याला जरा आवंढा गिळावा लागेल.

बाउन्सरांबद्दल थोडं, कारण लोकांच्या डोक्यात त्यांच्याविषयी पोलिसासारखी कल्पना असते. बाउन्सरला कायद्याने तुमच्या-माझ्यापेक्षा एकही जास्त अधिकार नाही. भांडण सोडवण्यापुरता आणि स्वसंरक्षणापुरता बळाचा वापर, तेवढाच. त्याच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर तो माणसाला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. बिलावरून वाद झाला म्हणून आतल्या खोलीत बसवून ठेवलं, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. आणि बाउन्सरनेच मारलं असेल तर मालकाची बाजू फारच कठीण. इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने २००३ मध्ये मॅटिस विरुद्ध पोलॉक या प्रकरणात इथवर मजल मारली की, भांडणानंतर घरी जाऊन चाकू घेऊन आलेल्या आणि क्लबजवळ ग्राहकाला भोसकणाऱ्या दारवानासाठीही क्लबमालक जबाबदार ठरला. मालकाला धाक बसवणारा माणूसच हवा होता आणि त्या दारवानाकडे तिथे लागणारी नोंदणीही नव्हती. आपल्याकडे एजन्सीमार्फत बाउन्सर घ्यायचा तर २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली एजन्सीला परवाना लागतो आणि माणसांची पोलीस पडताळणी, प्रशिक्षण लागतं. प्रत्यक्षात बरेचसे बाउन्सर जिममधल्या ओळखीवर, रोजावर येतात. म्हणूनच हजेरीपत्रक मागायला सांगितलं. ‘ते एजन्सीचे, आमचे नाहीत’ असं मालक म्हणाला तर परवाना दाखव म्हणायचं. नसला तर ते त्याचेच. असला तरी दोघांना प्रतिवादी करायचं, त्यांच्यातला करार त्यांनी आपसात निस्तरावा.

लायसन्सचा धाक भरपाईच्या दाव्यापेक्षा लवकर लागू पडतो. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या ५४ कलमाखाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा त्याला आधी दारू देणाऱ्या पबांचे मालक-मॅनेजर अटकेत गेले आणि पबना सील लागलं. तिथे बाल न्याय कायद्याचं ७७ कलम होतं, अल्पवयीनाला दारू दिल्याबद्दल सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं. तुमच्याकडे तसं काही नाही. पण मारणाऱ्या चौघांपैकी कुणी पंचविशीच्या आतला असेल आणि टेबलावर व्हिस्की असेल, तर नियम मोडलेला आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला एकवीस, बाकी दारूला पंचवीस. गोव्यातला नियम वेगळा, त्यामुळे तिकडून आलेल्या मॅनेजरांचा इथे नेहमी घोळ होतो. एक्साइजकडे तक्रार करताना भरपाई मागू नका, ते त्यांचं काम नाही. घटना, वेळ आणि नियमभंग लिहा.

कुणी म्हणेल, ‘सुप्रीम कोर्टाने तर बारमधले कॅमेरेच काढायला सांगितलेत.’ तसं नाही. जानेवारी २०१९ च्या डान्स बारच्या निकालात तिथे कॅमेरे सक्तीने लावण्याची अट खासगीपणाच्या कारणाने रद्द झाली. ज्याने स्वतःहून लावले आहेत त्याने पुरावा पुसावा, असं त्यात कुठेच नाही.

कमकुवत बाजूही ऐका. भावानेही शिव्या दिल्या असतील, पहिला धक्का त्याचा असेल, तर भरपाई कापली जाईल किंवा जाईलही सगळी. त्याने किती घेतली होती, हे विचारलं जाईल. ‘पिण्याचं परमिट होतं का?’ हा तर हॉटेलवाल्यांच्या वकिलांचा ठरलेला प्रश्न. न चिडता सांगायचं, ‘तुम्हीच एका दिवसाचं फाडून दिलं असणार, तुमचं रजिस्टर काढा.’ आणि कॅप्टनकडे केलेली तक्रार हा अख्खा दावा ज्या खुंटीवर टांगला आहे, ती तक्रार सांगणारे फक्त भाऊ आणि त्याचे मित्र असतील तर फुटेजमध्ये निदान कॅप्टन टेबलाशी वाकून ऐकताना दिसायला हवा. आवाज नसला तरी चालतो. रकमेबद्दल आत्ता काही सांगत नाही. जखम भरल्यावर प्लॅस्टिक सर्जनचा लेखी अंदाज घ्या, कामावरचे बुडालेले दिवस लिहून घ्या, व्रणाचे फोटो दर आठवड्याला त्याच उजेडात काढा.

शेवटचं, पत्र कुणाच्या नावाने लिहायचं. इथे लोक बारच्या पाटीवरचं नाव घालतात आणि वर्षभराने कळतं की त्या नावाचं कुणी नाहीच. लायसन्स एकाच्या नावावर, बार दुसऱ्याने चालवायला घेतलेला, हे आपल्याकडे सर्रास चालतं. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. बिलावर जीएसटी क्रमांक असतो, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की चालवणाऱ्याचं कायदेशीर नाव निघतं. लायसन्सधारकाचं नाव परवान्यावर असतं, तो भिंतीवर लावलेला असायला हवा. नसला तर एक्साइजच्या कार्यालयात मिळेल. तोवर थांबू नका. ‘लायसन्सधारक, चालक व व्यवस्थापक’ एवढंच लिहून, खाली बारचा पत्ता घालून पत्र आज हातोहात द्या आणि दुसरी प्रत स्पीड पोस्टने टाका. मॅनेजरने पोच द्यायला नकार दिला तर तिथेच पत्राच्या मागे वेळ, त्याचं नाव आणि ‘घेण्यास नकार’ असं लिहून सोबतच्या माणसाची सही घ्या.